उशी घेण्याआधी चादरीची घडी घाला

उशी घ्यायला गेलेलं माणूस दुकानात काय करतं? उभ्याउभ्या उशी हातात घेतं, दोन्ही बाजूंनी दाबतं, गालाला लावून बघतं, "मऊ आहे हो" म्हणतं आणि पैसे देतं. पंधरा दिवसांत ती उशी एक तर दुमडून डोक्याखाली जाते, नाहीतर तिच्यावर जुनी उशी चढते. मग पुन्हा दुकान. बहुतेक वेळा उशी बिचारी ठीकच असते, आपला क्रम उलटा असतो. मऊपणा हाताला कळतो, मानेला मात्र उंची लागते. तीही डोकं टेकल्यावर उरणारी उंची, फळीवर फुगून बसलेली नव्हे.

मीही यात फसलो आहे. एका गेस्टहाउसमध्ये झोप फार छान लागली म्हणून अगदी तशीच उशी शोधून आणली. चौथ्या दिवशी मान अशी आखडली की गाडी मागे घेताना अख्खं धड वळवावं लागत होतं. तिथली गादी काथ्याची होती, पाटासारखी कडक. घरची फोमची, खांदा आत घेणारी. गादी बदलल्याबरोबर तीच उशी दीड इंचानं जास्त उंच ठरली. तेव्हापासून मी सांगत आलोय, उशी एकटी घेता येत नाही. तुमची कूस, तुमची गादी आणि मग उशी, असा हिशेब लागतो.

मोजमापाला एक रविवार लागेल आणि एक सोलापुरी चादर.

१. आधी गुन्हेगार उशीच आहे का ते बघा

सकाळी उठताना मान धरलेली असते आणि अंघोळ, चहा होईपर्यंत सैल होते, असं असेल तर उशी किंवा गादीवर संशय घ्यायला जागा आहे. सकाळी ठीक आणि संध्याकाळी दुखायला लागतं, असं असेल तर दिवसभर मान खाली घालून चाललेला मोबाइल आणि लॅपटॉप आधी तपासा. उशी बदलून तो त्रास जाणार नाही.

आणखी एक बघायचं. झोपण्याआधी तासभर पलंगाच्या पाठीला दोन उशा लावून, हनुवटी छातीला टेकवून तुम्ही मोबाइल बघत असाल, तर मान झोपण्याआधीच दमलेली असते. त्या तासाचा आळ उशीवर घेऊ नका.

सावधान: मानेतून हातात उतरणारी कळ, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, हातातली वस्तू सुटणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, किंवा तापाबरोबर ताठरलेली मान, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. रात्री मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकून उठणं हेही उशीनं सुटत नाही.

२. तुम्ही खरंच कसे झोपता?

"मी पाठीवर झोपतो" असं बरेच जण सांगतात, कारण दिवा मालवताना ते पाठीवर असतात. उपयोगाची आहे ती जाग येतानाची स्थिती. चार-पाच दिवस डोळे उघडताक्षणी, हलण्याआधी, स्वतःकडे बघा: कूस, पाठ की पोट? शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारलंत तर आणखी खरं उत्तर मिळेल, कधीकधी न विचारताही.

ढोबळ नियम असा. कुशीवर झोपणाऱ्याला सगळ्यात उंच उशी लागते, कारण खांद्याची रुंदी भरून काढायची असते. पाठीवर झोपणाऱ्याला मध्यम. पोटावर झोपणाऱ्याला अगदी पातळ किंवा नाहीच. पोटावर झोपताना मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, त्यात जाड उशी घेतली तर ती मागेही वाकते. त्यांनी हवं तर एक पातळ उशी पोटाखाली घ्यावी, कमरेला बरं वाटतं.

आपल्यातले बरेच जण रात्रभर कूस आणि पाठ अशी अदलाबदल करतात. त्यांनी माप कुशीचं घ्यावं, त्यातून अर्धा इंच कमी करावा आणि भरण डोक्याखाली थोडं बसणारं निवडावं. फार ताठ उशी त्यांना पाठीवर असताना टोचते.

३. गादीचा निकाल आधी लावा

उशीआधी गादी, हा क्रम मोडला की पुढचं सगळं मोजमाप वाया. कापसाची किंवा काथ्याची कडक गादी असेल तर कुशीवर खांदा आत जात नाही. मान जास्त अंतरावर राहते, उशी उंच लागते. जाड फोम किंवा स्प्रिंगच्या मऊ गादीत खांदा इंच-दीड इंच रुततो, तेवढी उशी कमी. जमिनीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्यांना कुशीवर सगळ्यात जास्त उंची लागते. बरेचसे लोक नेमके तिथेच बारकी उशी घेतात.

नवी गादी घ्यायचा विचार चालू असेल तर उशी थांबवा. गादी आणा, दोन आठवडे झोपा, मग पुढे. कापसाच्या गादीत मध्ये खड्डा पडला असेल तर ती उलटी करा किंवा पिंजून घ्या. खड्ड्यात झोपून घेतलेलं माप सपाट गादीवर चालत नाही.

४. चादरीनं माप घ्या

ही पायरी सगळे गाळतात. खरं तर अर्धं काम इथेच होतं.

कुशीवर झोपणाऱ्यांनी पहिल्यांदा भिंतीपाशी जायचं. एक खांदा भिंतीला नुसता टेकवून, न दाबता, नजर समोर ठेवून सरळ उभं राहायचं. घरातल्या कुणीतरी कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. मोठ्या माणसांत ते साधारण ४ ते ६ इंच भरतं. खांदे रुंद असतील तर जास्त, अंगकाठी लहान असेल तर कमी. नवरा-बायकोनं एकाच मापाच्या उशांची जोडी घेणं हे त्यामुळेच फारसं शहाणपणाचं नाही, जोडी कितीही स्वस्त पडली तरी. हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे. गादीत खांदा किती रुततो ते भिंत सांगत नाही.

आता चादर. सोलापुरी चादर सांगतोय, कारण तिची वीण भक्कम असते आणि घडी डोक्याखाली फारशी चेपत नाही. दुलई किंवा ब्लँकेट घेतलंत तर माप फसेल. चादरीची उशीएवढ्या लांबी-रुंदीची घडी घाला, तुमच्याच गादीवर ठेवा आणि झोपा. घडी मुद्दाम कमी उंचीची ठेवून सुरू करा. मग टॉवेलची एकेक घडी वर ठेवत उंची वाढवा. प्रत्येक वेळी डोकं आणि मान दोन्ही घडीवर, खांदा मात्र गादीवर. खांदा घडीवर चढला तर सगळं माप खोटं.

प्रत्येक उंचीला कुणालातरी फोटो काढायला सांगा. कुशीवर असाल तर पाठीमागून, गादीच्या पातळीवर मोबाइल धरून. मानेचा कणा आणि पाठीचा कणा एका रेषेत हवा. डोकं गादीकडे झुकलेलं दिसलं तर उंची कमी, छताकडे उचललेलं दिसलं तर जास्त. पाठीवर असाल तर फोटो बाजूनं. कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत हवी. हनुवटी छातीकडे आली तर उंची जास्त, छताकडे गेली तर कमी.

फोटो बरा आला की डोळे मिटून दहा मिनिटं तसेच पडून राहा. जबडा, खांदे, मान कुठेही ताण जाणवला नाही, की ती तुमची उंची.

आता ती मोजायची. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. म्हणून तांदळाची किंवा पिठाची ५ किलोची पिशवी त्या घडीवर मधोमध ठेवा आणि पिशवीखालची उंची पट्टीनं मोजा. हा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. याला आपण दाबलेली उंची म्हणू. ही पिशवी पुढे पुन्हा लागणार आहे, लगेच डब्यात ओतू नका.

तपासा: तुमची सध्याची उशीही याच पिशवीखाली मोजा. दोन आकड्यांत इंचभराचा फरक निघाला, तर आजवर मान का धरत होती ते कळेल.

ज्येष्ठांसाठी वेगळी सूचना. पाठीला बाक आलेल्या माणसाला पाठीवर झोपताना पातळ उशी दिली तर त्याचं डोकं मागे लटकतं. "या वयात उशी पातळच बरी" असं म्हणून आजोबांची उशी काढून घेणारे बरेच भेटतात. त्यांचं माप त्यांच्याच पाठीवर घ्या. उंची जास्त निघेल.

आणि स्पॉन्डिलोसिसवाले. "मणक्याचा त्रास आहे, उशी सोडा" हा सल्ला आपल्याकडे गावजेवणासारखा वाटला जातो. कुशीवर झोपणाऱ्यानं उशी सोडली तर मान रात्रभर गादीकडे वाकलेली राहते आणि तो सकाळी आणखी आखडून उठतो. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून उशी घेऊ नका असं सांगितलं असेल, तर कोणत्या स्थितीत आणि किती दिवस, हे त्यांना नीट विचारून घ्या. शेजारच्या काकांना दिलेला सल्ला तुमच्या मानेला लागू करू नका.

५. भरण कोणतं?

उंची कळली की भरण ठरवणं सोपं जातं. कोणतं भरण ती उंची रात्रभर आणि वर्षभर टिकवेल, एवढंच बघायचं.

कापूस. माझी पहिली पसंती, कारण हीच एक उशी मापानं बनवून घेता येते. पिंजाऱ्याकडे किंवा गादीवाल्याकडे जाऊन "एक उशी भरा" म्हटलंत तर तो ठासून भरेल. गिऱ्हाइकाला भरगच्च उशी म्हणजे पैसे वसूल वाटतात, हे त्याला माहीत असतं. अशी उशी पहिले दोन महिने दगडासारखी लागते. म्हणून समोर बसून भरून घ्या. थोडी कमी भरायला सांगा, वर हात दाबून धरा, पुन्हा थोडा कापूस घाला. नवा कापूस पहिल्या काही आठवड्यांत बसतो, त्यामुळे तुमच्या आकड्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवा. खोळीची एक बाजू मशिननं न शिवता हातटाक्यानं शिवून घ्या, म्हणजे नंतर कापूस काढता-घालता येतो. खोळीला नेहमीचं जाड, पट्ट्यापट्ट्यांचं गादीचं कापडच घ्या. झिरझिरीत कापडातून कापूस बाहेर डोकावतो.

"शुद्ध कापूस" म्हणून गिरणीचा टाकाऊ माल किंवा पॉलिस्टर मिसळलेलं भरण गळ्यात मारलं जातं. चार धागे चिमटीत नव्हे, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख हातानं चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. जुनी उशी पिंजायला देत असाल तर काम होईपर्यंत तिथेच थांबा. दिलेला कापूस आणि आलेला कापूस एकच असेल याची तीच एक खात्री.

कापसाचं वैर दमटपणाशी. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात तो ओल धरतो, जड होतो, कुबट वास येतो. घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर पिंजलेल्या कापसाची उशी जपूनच घ्या.

सावरीचा कापूस. काही भागांत याला शेवरीचाही म्हणतात. हलका, गुळगुळीत, डोक्याला थंड. पण धागे ठिसूळ, त्यामुळे काही महिन्यांत भुगा होऊ लागतो, आणि साध्या खोळीतून तो भुगा नाकात जातो. घट्ट विणीची खोळ हवीच. पाठीवर झोपणाऱ्यांना चालते. कुशीवर झोपणाऱ्यांना तिची उंची पुरत नाही, फार लवकर बसते.

फायबर. दुकानात सगळ्यात जास्त हीच. धुता येते, हलकी असते, ॲलर्जीवाल्यांना सोयीची. फसवणूक उंचीत असते. फळीवर सहा-सात इंच दिसणारी उशी डोक्याखाली निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पाकिटावरच्या इंचांकडे बघू नका, भरणाचं वजन बघा. एकाच मापाच्या दोन उशांत जड ती जास्त टिकते. दुमडून सोडून बघा. झटकन उलगडली तर भरण जिवंत आहे. ही परीक्षा फक्त फायबरची, कापूस किंवा मेमरी फोमला लावू नका.

मेमरी फोम. उंची चांगली टिकवतो, त्यामुळे मोजलेला आकडा इथे नेमका उपयोगी पडतो. पण तो तापमानाप्रमाणे वागतो. निफाडच्या डिसेंबरात वीट, नागपूरच्या मे महिन्यात गरम इडली. उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे डोक्याला घाम येणाऱ्यांनी विचार करावा. नव्याला वास येतो. दोन-तीन दिवस हवेशीर खोलीत उघडा ठेवा.

लॅटेक्स. रबराच्या चिकापासून. दाबल्यावर लगेच वर येतो, मेमरी फोमपेक्षा कमी तापतो, बरीच वर्षं टिकतो, महाग असतो. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावा. रोज तेल लावून झोपत असाल तर आत चेनचं घट्ट कव्हर आणि वर अभ्रा असे दोन थर ठेवा. तेल रबराला खातं.

मानेपाशी उंचवटा असलेली उशी, जी "सर्व्हायकल" म्हणून विकतात, तिच्यात जादू नाही. तिलाही उंची असते आणि तीही तुमच्या आकड्याशी जुळावी लागते. तिला दोन कडा असतात, एक उंच आणि एक बुटकी. उंचवटा मानेखाली यायला हवा, डोक्याखाली नव्हे. उंच कड कुशीला, बुटकी पाठीला, असं धरून चाला आणि फोटो काढून खात्री करा.

६. लांबी-रुंदी

इथे फार वेळ घालवायला नको. १६ बाय २४ किंवा १७ बाय २७ इंच बहुतेकांना पुरतं. रात्री खूप कूस बदलणाऱ्यांनी लांब घ्यावी. घेण्याआधी घरातले अभ्रे मोजा. तोकड्या अभ्र्यात कोंबलेली उशी मधोमध फुगते आणि तुमची मोजलेली उंची बिघडते. लोड आणि तक्क्या टेकून बसण्यासाठी आहेत. गोल लोडावर डोकं ठेवून झोपू नका.

७. दुकानात

तांदळाची पिशवी घेऊन जा असं म्हणत नाही. (एका मित्रानं नेली होती. दुकानदारानं आधी दुसऱ्या दुकानातला माल समजून ती बाहेर ठेवायला लावली.) दुकानातल्या गादीवर आडवं होऊ देत असतील तर व्हा, पण तिथली गादी तुमची नाही हे विसरू नका. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. चेन उघडून भरण कमी-जास्त करता येतं का? नापसंत पडली तर किती दिवसांत परत घ्याल, आणि पॅकिंग फोडलेलं चालेल का? आतलं कव्हर धुता येतं का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर अर्धी जोखीम गेली. दुसऱ्याचं उत्तर बिलावर लिहून घ्या. "आपलंच दुकान आहे, बदलून देऊ" हे वाक्य बिलावर छापलेलं नसतं.

८. पहिला पंधरवडा

घरी आल्यावर झोपण्याआधी ५ किलोची पिशवी उशीवर ठेवून मोजा. तुमच्या आकड्याच्या अर्ध्या इंचाच्या आत असेल तर ठेवा (नव्या कापसाला वर सांगितलेला अर्धा-पाऊण इंच जास्त चालेल). त्याहून फरक असेल तर अभ्रा चढवू नका, बदला. किंवा भरण काढा.

पहिल्या तीन-चार रात्री वेगळं वाटेल. जुन्या चुकीच्या उंचीची मानेला सवय झालेली असते. थोडं अवघडल्यासारखं वाटणं ठीक, पण दिवसागणिक वाढत जाणारं दुखणं ठीक नाही. चौथ्या-पाचव्या रात्री पुन्हा फोटो काढा. मध्येच जुनी उशी वर घेऊ नका, मग काय चालतंय आणि काय नाही ते कळणारच नाही. उशीच्या कडेवर खांदा चढत नाही ना, हेही रोज बघा. नव्या उशीची सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये एक जुनी उशी, पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली. कंबर सैल राहिली की मानेवरचा ताणही कमी होतो. गरोदरपणात डाव्या कुशीवर झोपताना गुडघ्यांमधली उशी विशेष उपयोगी पडते.

सावधान: आम्लपित्तासाठी डोक्याखाली दोन-तीन उशा रचू नका. त्यानं फक्त मान आणि पोट दुमडतं. पलंगाचे डोक्याकडचे पाय भक्कम ठोकळ्यांवर सहा-आठ इंच उचला किंवा पाठीपासून चढत जाणारी उतरती उशी घ्या.

सावधान: बाळाला पहिलं वर्षभर उशी नको. डोकं गोल यावं म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही नको. शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जाऊ शकते. बाळाला सपाट, टणक बिछान्यावर पाठीवर झोपवा. जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा वेळ पोटावर ठेवा आणि डोक्याची बाजू बदलत राहा.

९. निगा

अभ्रा आठवड्याला धुवा, तेल लावणाऱ्यांनी दोनदा. धुळीतल्या किड्यांचा त्रास असेल तर ६० अंशांच्या पाण्यात. फायबरची उशी मशिनमध्ये धुवायची तर दोन एकदम टाका, तोल राहतो. आतपर्यंत खडखडीत वाळल्याशिवाय वापरू नका. कापसाची उशी कधीच भिजवू नका, गोळे होतात. तिला ऊन द्या आणि वर्षातून एकदा पिंजून घ्या. हे काम एप्रिल-मे महिन्यात उरकायचं. जूनमध्ये पिंजाऱ्याकडे गेलात तर दमट कापूस पिंजला जाईल आणि ऊनही मिळणार नाही. फोम आणि लॅटेक्स मात्र उन्हात टाकू नका, उन्हानं ते चुरचुरीत होतात. सावलीत वारा पुरतो.

दर सहा महिन्यांनी तीच पिशवी, तीच पट्टी. आकडा पाऊण इंचानं खाली आला की कापसाची भरून घ्या, फायबरची काढून टाका. साधारण दीड-दोन वर्षांत फायबरची ती वेळ येतेच. काढलेली उशी पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवू नका, मान त्यांनाही असते. ती गुडघ्यांमध्ये घ्यायला ठेवा, किंवा कापसाची असेल तर पिंजाऱ्याकडून त्याच कापसाची दोन बसायची आसनं शिवून घ्या.